काळजीचं काय कारण न्हाई

मला झोप लागत नाही, एवढं एक वाक्य मी हळदीकुंकवाला चारचौघींत बोलून गेले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात उपायांचं प्रदर्शन भरलं. एकीनं दुधात जायफळ उगाळून दिलं. दुसरीनं तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीनं घासायला सांगितलं. तिसरीनं येऊन आमची कॉट फिरवून डोकं पूर्वेला केलं आणि चौथीनं ते दक्षिणेला नेलं. आष्ट्याच्या भावजयीनं मोबाईलमध्ये पावसाचा आवाज टाकून दिला आणि सांगितलं, हा लावून नुसतं पडून राहायचं. मी पडून राहिले. पण आमच्या स्वयंपाकघराचा पत्रा लग्न होऊन आले तेव्हापासून गळतो. पावसाचा आवाज आला की उठून बादली ठेवायची, ही सवय अंगात इतकी मुरलेली की मोबाईलमधल्या पावसातही मी उठून बसले.

उपाय वेगवेगळे असले तरी शेवटचं वाक्य सगळ्यांचं एकच असायचं. मन शांत ठेवा. जणू मन म्हणजे गॅसवर ठेवलेलं दूध आणि मीच शहाणी आच कमी करायला विसरले होते.

खरं तर झोप हा माझ्या व्यवसायातलाच विषय. सांगलीच्या एका शाळेत मी उभी हयात गणित शिकवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर लसावि-मसावि घ्यायला उभी राहिले की पाठीमागचे दोन बाक हमखास आडवे व्हायचे. दुसऱ्याला झोपवायचं एवढं कसब हाताशी असून स्वतःवर ते चालेना, याची मला मनातून लाजच वाटायची.

निवृत्त झाल्यावर आम्ही नवऱ्याच्या गावी, कडेगावच्या अलीकडे, कायमचे राहायला आलो. हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आमचा मुलगाही फौजेत, वर उत्तरेत, जिथं दाढीचं पाणीसुद्धा गोठतं अशा ठिकाणी. आमच्या गावात ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. ऊस आणि फौज, ही दोन पिकं घरटी असतातच.

फौजेनं यांना दोन गोष्टी जन्माच्या दिल्या, मिशी आणि झोप. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण यांना बघूनच कुणीतरी केली असावी असं मला वाटायचं. पाठ टेकायचा अवकाश, घोरणं सुरू. तेही साधंसुधं नाही, गाळपाच्या दिवसांत उसाची भरलेली ट्रॉली चढाला लागावी तसं. मी शेजारी आढ्याकडे बघत पडलेली असायचे आणि मनात म्हणायचे, पोटचं पोर तिकडं बर्फात आणि हा बाप्या घोडे विकून झोपलाय. सकाळी हे मलाच विचारायचे, झोप लागली का. मी उत्तर द्यायची नाही. चहा मात्र थोडा कडक व्हायचा.

शेवटी आम्ही सांगलीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं तपासलं आणि काहीच निघालं नाही म्हणून आनंदानं सांगितलं. मला गोळ्या लिहून दिल्या आणि यांना बाजूला घेऊन म्हणाले, बाईंच्या मनावर ताण येऊ देऊ नका, वाईट बातम्या त्यांच्यापर्यंत पोचवू नका. डॉक्टर सहज बोलून गेले असतील. पण फौजेतल्या माणसाला सहज बोललेलं कळत नाही, त्याला सगळा हुकूमच वाटतो.

त्या दिवसापासून आमच्या घरात वाईट बातमीला बंदी झाली. टीव्हीवरच्या बातम्या गेल्या, त्यांच्या जागी प्रवचन आलं. शेतातली मोटर जळाली तर हे म्हणाले, "मोटर जरा विश्रांतीला दिलीया." उसाला तोड येईना, शेजाऱ्याचा ऊस जाऊन फड मोकळा झाला आणि आमचा तसाच उभा, पण घरात सांगायचं काय, तर आपला ऊस अजून वाढतोय. गावात कुणी आजारी पडलं तर ते माझ्यासाठी पाहुण्यांकडे गेलेलं असायचं. पाहुण्यांकडे गेलेली एक म्हातारी तर दहाव्याच्या दिवशी घाटावर कावळ्याची वाट बघायला लावत होती, तेव्हा मला कळलं. शेजारीण आमच्या दारात आली की आधी यांच्या तोंडाकडे बघायची, मग बोलायची. आणि मुलाचा फोन आला की तो पहिलं वाक्य एकच म्हणायचा.

"सगळं ठीक हाय आई, काळजीचं काय कारण न्हाई."

इथं आमच्या भागाची एक रीत सांगायला हवी. बाहेरच्या माणसाला ती ठाऊक नसते. आमच्याकडे वाईट बातमी कधी सरळ चालत येत नाही. माणूस गेलेला असतो, पण फोनवर सांगतात की जरा सिरियस आहे. आणि फारच जवळचं कुणी असेल तर तेवढंही सांगत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. आष्ट्याहून चुलत्यांचा फोन आला. काळजीचं काही कारण नाही, दादांना जरा बरं नाही, जेवूनखाऊन निवांत ये, असं ते म्हणाले. मी आज्ञाधारक. डबा उघडला, वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ली, उरलेला तास घेतला, मग स्टँडवर गेले. आष्ट्यात आमच्या बोळाच्या तोंडाशी माणसं उभी दिसली आणि ती माझ्याकडे बघून बाजूला झाली, तेव्हा सगळं कळलं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. वाटेत माणसानं रडू नये, उपाशी राहू नये, एवढीच माया असते त्यात. पण त्या दिवसापासून मला कुणी काळजी करू नको म्हटलं की माझ्या तोंडात वांग्याची चव येते.

तर असं हे वाक्य, आणि माझा मुलगा ते मला रोज ऐकवत होता. आधी तो असा नव्हता. त्याचे फोन म्हणजे तक्रारींची खाणच. डाळीत डाळ नाही, बूट चावतो, सुट्टी अडवली, शेजारच्या कॉटवरचा दात खातो. मी आपली ऐकायची, त्यालाच दोन शब्द सुनावायची. आता मात्र जेवण उत्तम, हवा उत्तम, साहेब देवमाणूस. जन्मात ज्यानं माझ्या हातच्या आमटीला बरं म्हटलं नाही, तो लंगरच्या डाळीचं कौतुक करत होता. व्हिडिओ कॉल तर बंदच झाला होता. विचारलं की म्हणायचा, नेटवर्क नाही. आवाजाला असणारं नेटवर्क चेहऱ्याला का नसावं, हा प्रश्न मी माझ्याशीच सोडवत पडायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनानं त्या दिवसांत जे जे चिंतलं ते लिहायला आजही हात धजत नाही. आणि हे सगळं मनात ठेवून मी त्याला काय सांगायची? तर आमचंही सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस.

गोळ्यांनी नुसती तोंडाला कोरड पडली. मग यांना कुठूनतरी कळलं की सांगलीत तणावमुक्तीचं शिबिर भरतंय, शांत झोपेची कला शिकवतात. यांनी मला न विचारता माझं नाव घातलं. रोज सकाळच्या एसटीनं मी झोपायला सांगलीला जाऊ लागले. शेजारणी विचारायच्या, कुठं चाललात बाई एवढ्या लवकर? झोपायला, असं सांगताना माझंच मला हसू यायचं.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. व्यासपीठावर आदल्या लग्नाचं थर्माकोलचं बदामाचं चित्र तसंच होतं आणि त्याच्याखाली पांढऱ्या कपड्यांतले प्रशिक्षक बसत. पुण्याहून आलेले, वयानं माझ्या मुलाएवढे, आवाज साखरेच्या पाकात बुडवून काढलेला. आम्ही सगळ्या बायका सतरंजीवर ओळीनं उताण्या. माझ्या शेजारी जत भागातल्या एक आजीबाई होत्या. घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं, आता थोडी शेतीही. सुनेला झोप येत नव्हती म्हणून तिला सोबत म्हणून त्या आल्या होत्या. प्रशिक्षकांनी डोळे मिटायला सांगितले की आजी ढाराढूर. पायाचे अंगठे सैल सोडा, इथपर्यंतही त्या कधी पोचल्या नाहीत. मग प्रशिक्षक हळूच येऊन त्यांना उठवायचे आणि समजावून सांगायचे की मावशी, झोपायचं नाही, फक्त विश्रांती घ्यायची, आत जागं राहायचं. झोपेच्या शिबिरात झोपली म्हणून बोलणी खाणारी ती एकच बाई होती. आम्ही बाकीच्या टक्क जाग्या, त्यामुळे आमचं कौतुक व्हायचं.

पहिले दोन दिवस अंगठे, पोटऱ्या आणि श्वास यांत गेले. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षक म्हणाले, आज आपण मनाला सूचना द्यायला शिकणार आहोत. डोळे मिटा, मी म्हणेन ते मनात म्हणा. सभागृहातले पंखे बंद केले. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला, त्याचाही आवाज विरला. आणि मग त्या पाकातल्या आवाजात, अगदी हळू, अगदी मायेनं, प्रशिक्षक म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे. काळजीचं काही कारण नाही. निवांत राहा."

माझे डोळे खाडकन उघडले. मला वाटलं मी एकटीच. पण बघते तर पुढच्या ओळीतली पलूसची बाई उठून बसलेली. तिच्या पलीकडची पिशवीत मोबाईल शोधत होती. पाठीमागून कुणीतरी देवाचं नाव घेतलं. आणि शेजारच्या आजी, ज्यांना तीन दिवसांत कुणाला जागं ठेवता आलं नव्हतं, त्या ताठ बसल्या होत्या. पदर डोक्यावर ओढून त्यांनी थेट प्रशिक्षकांना विचारलं.

"कोण गेलं?"

प्रशिक्षक गडबडले. म्हणाले, कुणीच नाही गेलं मावशी, मी फक्त सांगतोय की सगळं ठीक आहे. त्यावर आजींचा चेहरा आणखी उतरला. त्यांनी सुनेचा हात धरला आणि तिला उठवलं. बघता बघता अर्धी सतरंजी रिकामी झाली आणि कार्यालयाच्या अंगणात बायकाच बायका, ज्या त्या कानाला फोन लावून. प्रशिक्षक दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या अभ्यासक्रमात हा प्रकार नसावा.

मी लग्नात चपला काढतात त्या पायरीवर बसले आणि मुलाला लावला. ही त्याच्या फोनची वेळ नव्हती, पण उचलला.

"सगळं ठीक हाय आई," तो म्हणाला, "काळजीचं काय..."

रोजच्या रीतीनं आता मी म्हणायचं होतं की आमचंही ठीक आहे. तोंडाशी आलंही होतं. पण आजूबाजूला सगळ्या बायका कुणाच्या ना कुणाच्या ठीकपणाची उलटतपासणी करत होत्या आणि मला एकदम कंटाळा आला. कुणीतरी खरं बोलायला सुरुवात करायला हवी होती.

मी म्हटलं, "माझं ठीक नाही रे. मला झोप लागत नाही. दिवाळीपासून नाही. गोळ्या झाल्या, जायफळ झालं. आता सांगलीला सतरंजीवर पडून झोपायचं शिकतेय आणि तेही जमत नाही."

पलीकडे वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "आबांनी सांगू नको म्हणून सांगितलं हुतं."

त्या एका क्षणात मी आष्ट्याच्या बोळाच्या तोंडाशी जाऊन आले.

"काय सांगू नको?"

"हात मोडलाय. डावा. बर्फावरनं घसरलो. प्लास्टर घातलंय, जुळून येईल म्हणत्यात."

"दुखतो का?"

तो आधी न्हाई म्हणाला. मी गप्प बसले. वर्गात मुलाला उत्तर येत असून सांगत नसेल तर मी अशीच गप्प बसायची.

"लय दुखतोय गं आई," तो म्हणाला. "कुशीवर पण वळता येत न्हाई."

आणि मग बांध फुटला. बुटाची नाडी बांधता येत नाही, शेजारचा बांधून देतो आणि वर दोन टोमणे मारतो. डाळ म्हणजे पिवळं पाणी. प्लास्टरच्या आत खाज सुटते, तिथं पट्टी घालून खाजवली तर डॉक्टर ओरडला. सुट्टी मागितली तर साहेब म्हणतो आधी कागद येऊ देत, आणि तो साहेब देवमाणूस तर नाहीच, माणूस आहे की नाही याचीही त्याला शंका होती. मी पायरीवर बसून ऐकत होते. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या आणि आतून इतकं बरं वाटत होतं की कुणी बघू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या पोराचा हात मोडला होता. फक्त हात मोडला होता.

मी पुन्हा आत गेले नाही. प्रशिक्षकांनी दारातूनच सांगितलं की शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळणार आहे, ताई, चुकवू नका. मी बरं म्हटलं आणि स्टँडचा रस्ता धरला.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. खिडकीची काच सुटलेली, ती सारखी वाजत होती. पुढं कोंबड्यांचं खुराडं, मागं कुणाचं तरी कर्कश पोर, आणि गाडीला स्प्रिंग असते हे विसरायला लावणारा रस्ता. शांत वातावरणाचे सगळे नियम मोडणारी ती गाडी. माधवनगर कधी मागं पडलं ते मला कळलं नाही. पुढचं काहीच कळलं नाही. कंडक्टरनं खांदा हलवून उठवलं तेव्हा गाडी रिकामी होती आणि आम्ही कडेगावच्या स्टँडवर उभे होतो.

"बाई, उतरा आता," तो म्हणाला. "गाव मागं ऱ्हायलं तुमचं."

वडापच्या जीपनं मी परत मागं आले. आमच्या फाट्यावर हे उभे होते. माझी रोजची परतीची एसटी न थांबता गेलेली त्यांनी बघितली होती आणि माझा फोन पिशवीच्या तळाशी वाजून वाजून गप्प झाला होता. चेहरा काळवंडला होता, पण मी उतरताच मिशीवरून हात फिरवत म्हणाले, काय नाही, असाच पाय मोकळे करायला आलो होतो.

घरापर्यंत मी पुढं चालले आणि हे मागं. आत आल्यावर पिशवी ठेवली आणि म्हटलं, "पोराचा हात मोडलाय."

हे कॉटवर बसले. मी भांडणाच्या पूर्ण तयारीत होते, वाक्यंही जुळवली होती. पण यांनी आधी एकच विचारलं, त्यानंच सांगितलं का म्हणून. मी हो म्हटल्यावर यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला माझी वाक्यं आठवेनात.

"तुझ्या झोपेचं खोबरं नको म्हणून लपवलं," हे म्हणाले.

मी म्हटलं, माझ्या झोपेचं खोबरं होऊन त्याची चटणीसुद्धा झाली. तुमचं बरं आहे, तुम्ही तर घोरताय.

यांनी जमिनीकडे बघितलं. "मला तरी कुठं झोप हाय? हात मोडल्याचा त्याचा फोन आल्यापास्नं डोळ्याला डोळा लागला न्हाई. नुसता पडतोय आन् घोरतोय. मी घोरलो म्हंजी तुला वाटंल, सगळं ठीक हाय."

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, असं मी वर्गात किती मुलांना ऐकवलं असेल. इथं माझा नवरा माझ्याशेजारी ते सोंग अंगात आणून, घसा दुखेस्तोवर घोरत होता आणि मी ते ऐकत त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. एका कॉटवर दोन जागी माणसं, दोघांची काळजी एकच, आणि मध्ये ते घोरणं. मला यांचा भयंकर राग आला आणि भयंकर माया आली. दोन्हीपैकी कुठलं आधी ते सांगता यायचं नाही. मी म्हटलं, "दुखतंय म्हणाला त्याला." हे म्हणाले, "मलाबी तसंच म्हणाला हुता." एवढंच बोललो आणि मी चहा टाकायला उठले.

चहा घेऊन आले तर हे बसल्या जागी कलंडले होते. पायात बूट तसेच, उन्हं थेट तोंडावर. मी कप हातात धरून उभी राहिले. कसलाही आवाज नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला असं मुकं झोपलेलं मी बघितलं नव्हतं. मी बूट काढले, तरी हललेसुद्धा नाहीत.

तेवढ्यात शेजारीण डोकावली. सवयीनं तिनं आधी यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते मिटलेलं दिसल्यावर ती घाबरलीच. तिनं दारातूनच विचारलं, "आवं बाई, सगळं ठीक हाय न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "पोराचा हात मोडलाय. फार दुखतोय त्याला. हळू बोल, हे झोपलेत."